पोटाला सैल, बैठकीला घट्ट: गरोदरपणात सायकलचे कपडे कसे जमवायचे

बेळगावात अनगोळहून टिळकवाडीला मी कामाला सायकलनेच जायची. चौथा महिना सरत आला होता. एके सकाळी जुन्या सायकलिंग शॉर्टचं इलॅस्टिक पोटाला इतकं काचायला लागलं, की रेल्वे गेट पडलं होतं तेवढ्यात कुडत्याखाली हात घालून ते खाली सारलं. संध्याकाळी बघते तर बेंबीच्या खाली बोटभर रुंद लाल वळ, त्यात इलॅस्टिकची नक्षीसुद्धा उमटलेली. सासूबाईंच्या नजरेतून तो सुटला नाही. "लोक काय म्हणतील ते राहू दे गं," त्या म्हणाल्या, "पण ह्या दिवसांत पडलीस म्हणजे?"

प्रश्न रास्त होता. म्हणून कपड्यांच्या आधी तोच घेते.

आधी डॉक्टर, मग दुकान

पहिले साधारण १२ आठवडे गर्भपिशवी कटीच्या हाडांच्या आत असते. त्यानंतर ती वर येते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीपर्यंत पोचते. म्हणजे हाडांचं चिलखत पहिल्या तीन महिन्यांपुरतंच. पुढे पोट जसं वाढतं तसा शरीराचा तोल बदलतो, सांधेही सैलावतात, आणि इतकी वर्षं सहज मारलेलं वळण अचानक डळमळीत वाटतं. त्यामुळे ज्यांची रोजची सवय आहे त्यांनीच, आणि तेही सपाट, ओळखीच्या रस्त्यावर. गरोदरपणी नव्याने सायकल शिकायला जाऊ नये. राजहंसगडाची चढण आणि जांबोटीकडचे खड्डे बाळंतपणानंतरही तिथेच असणार आहेत.

रक्तस्राव झाला असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी वाढलेलं असेल, हिमोग्लोबिन फारच कमी असेल किंवा जुळं असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय सायकलला हात लावू नका. तपासणीला जाताना तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी तपासणी कार्ड) नेताच, त्याच वेळी विचारून टाका. चालवताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, इतपतच जोर. चक्कर, छातीत दुखणं, अंगावर रक्त किंवा पाणी जाणं, पोट वारंवार आवळून येणं, जोराची डोकेदुखी, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणं, यातलं काहीही झालं की सायकल बाजूला लावून सरळ दवाखाना.

मला होकार मिळाला होता. अट एकच घातली होती: रेल्वे रूळ आणि गतिरोधक आले की उतरून सायकल हातात धरायची.

माप सायकलवर बसून घ्या

बहुतेक जणी इथेच चुकतात, मीही चुकले. आरशासमोर ताठ उभं राहून घेतलेलं पोटाचं माप सायकलवर कामाचं नाही. बसल्यावर पोट पुढे येतं, हँडलकडे वाकलं की आणखी खाली उतरतं, आणि पायडल वर आलं की मांडी खालून त्याला टेकते. दुकानात छान बसलेली शॉर्ट घरी येऊन दहा मिनिटांत काचते ती यामुळे.

घरी सायकल भिंतीला टेकवून ठेवा, कुणालातरी धरायला सांगा, सीटवर बसा आणि दोन्ही हात हँडलवर ठेवा. आता तीन मापं घ्यायची. पोटाच्या सगळ्यात फुगीर जागी. पोटाच्या खाली, जिथे ते सुरू होतं तिथे. आणि कमरेच्या मागच्या बाजूने सीटपर्यंतची उंची, कारण वाकल्यावर मागून शॉर्ट खाली ओढली जाते आणि पाठ उघडी पडते. दर तीन आठवड्यांनी फक्त पहिलं माप पुन्हा घ्यायचं. बाकीची दोन फारशी बदलत नाहीत.

ट्रायल रूममध्ये सायकल नसते हे खरं. तिथे एक गुडघा छातीकडे उचला, मग स्टुलावर बसून पुढे वाका. त्या अवस्थेत एक मोठा श्वास पोटात घेता आला, तरच पैसे द्या.

शॉर्टचं खरं काम

गरोदर बाईच्या सायकल-कपड्यांत निम्मं यश एकट्या शॉर्टचं असतं. वजन वाढतं, त्यातून पोटासाठी आपण हँडल वर घेतो आणि ताठ बसतो. ताठ बसलं की अंगाचा भार हातांवरून निघून बैठकीच्या हाडांवर येतो. त्यामुळे पॅडची, म्हणजे शॉर्टच्या आत बैठकीला शिवलेल्या गादीची, गरज नेहमीपेक्षा जास्तच. पॅड घेताना हाताने दाबून बघा: मागच्या बाजूला, जिथे बैठकीची हाडं टेकतात तिथे, ते जाड असावं. शर्यतवाल्यांच्या शॉर्टचं पॅड पुढून जाड असतं. ते वाकून बसणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला ते पुढून नुसतं टोचतं.

पॅडच्या शॉर्टखाली निकर घालायची नसते. हे ऐकून आमच्याकडे पुष्कळ जणी कानाला हात लावतात, पण कारण साधं आहे. निकरची शिवण पॅड आणि कातडीच्या मध्ये येते आणि नेमकी जांघेत घासते. या दिवसांत तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, पांढरं जाणंही वाढलेलं असतं, जागा ओलसर राहते. घासलं की चट्टे पडतात, आणि ओल राहिली की बुरशीची खाज मागे लागते. काहींना जांघेत किंवा योनीच्या ओठांवर शिरा फुगतात. त्यांनी मांडीच्या इलॅस्टिकची वळकटी होत नाही ना तेवढं बघायचंच, आणि सीटवर बसल्यावर तिथे दुखत असेल तर कपड्याने ते सुटणार नाही, डॉक्टरांना दाखवावं.

बाजारात मिळणारे प्रकार मोजकेच. खांद्यावर पट्टे असलेली शॉर्ट पोटाला सगळ्यात सुखाची, कारण तिला कंबरच नसते. मी घेतली आणि दोन दिवसांत कपाटात टाकली. दर पाऊण तासाला लघवीला जायचं, त्यासाठी दर वेळी वरचे सगळे कपडे उतरवायचे, आणि खानापूर रस्त्याला बाईमाणसाने जावं असं ठिकाण शोधायचं, हे तिन्ही एकत्र जमत नाही. गावात दहा मिनिटांचाच फेरा असेल तर मात्र तिच्यासारखी दुसरी नाही.

पोटाखाली बसणारी, पुढून खोलगट कंबरेची शॉर्ट सहाव्या महिन्यापर्यंत चालते. ती मागून उंच हवी. अगदी स्वस्तातला मार्ग म्हणजे पातळ पॅडची आतली शॉर्ट घ्यायची आणि वरून गरोदरपणातली लेगिंग घालायची. ही लेगिंग आता खडेबाजारात, गणपत गल्लीत कुठेही मिळते. तीत वरची पट्टी पोटावरून बरगडीपर्यंत येते की नाही आणि कापडात सूत किती आहे, एवढं बघायचं. चकचकीत, निसरडं कापड सीटवरून घसरतं.

आणि चौथा मार्ग, माझा आवडता: आपला गल्लीतला टेलर.

माया

ब्लाउज शिवताना टेलर आत शिवणीला जादा कापड ठेवतो, त्याला आपण माया म्हणतो. अंगाने भरली तर उसवून सैल करायला. सायकलच्या शॉर्टला कंपनी अशी माया ठेवत नाही, ती आपण घालून घ्यायची.

आमचे टेलरमामा आधी हसले. मग त्यांनी शॉर्ट उलटी केली, दोन्ही हातांनी आडवी ताणून बघितली, कंबरेच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अक्का, मागचं हात लावायचं नाही. पुढचं तेवढं सडिल करू." सडिल म्हणजे सैल. बेळगावात एवढं कन्नड तरी यायलाच हवं. सुती कापड हवं तर "हत्ती" म्हणायचं, कारण कन्नडमध्ये कापसाला हत्ती म्हणतात. सहाव्या महिन्यात दुकानात उभं राहून "मला हत्ती पाहिजे" म्हणताना मला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं.

तर कृती अशी. साधी पॅडवाली शॉर्ट आपल्या मापापेक्षा एकच साइज मोठी घ्या. दोन साइज मोठी घेतली की पोट सुखावतं पण पॅड जागेवर राहत नाही आणि मांडीत सुरकुत्या पडून त्याच घासतात. शॉर्ट घालून, बसून, पोट जिथे सुरू होतं ती रेघ खडूने आखून घ्या: एका बाजूच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, मध्ये खाली उतरलेली, सुपासारखी. टेलर पुढची पट्टी त्या रेघेवर कापतो. मागचं इलॅस्टिक तसंच राहू द्यायचं, कारण शॉर्ट धरून ठेवण्याचं काम आता त्याचंच आहे.

कापलेल्या जागी रिबचं कापड जोडायचं, टी-शर्टच्या गळ्याला असतं ते, सुतात थोडा लायक्रा असलेलं. ते आडवं ताणलं गेलं पाहिजे. उभं ताणलं जाणारं लावलं तर तासाभरात ते खाली गोळा होतं. रुंदी पोटाच्या मापापेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे ते अंगाला धरून राहतं. उंची बेंबीच्या चार बोटं वर जाईल इतकी. वरच्या काठाला इलॅस्टिक घालू देऊ नका, कापडच दुमडून दुहेरी करा. जेवणानंतर जळजळ होते ती पोटावरच्या दाबाने आणखी वाढते, आणि काठाचं इलॅस्टिक बरोबर तिथेच बसतं.

शिवण ओव्हरलॉकची किंवा झिगझॅगची. सरळ टीप घातली तर कापड ताणल्यावर धागा तटकन तुटतो. माझी पहिली शॉर्ट अशीच काँग्रेस रोडवर दगा देऊन गेली, वर कुडता होता म्हणून वाचले. आणि जोडाची जाड कड बाहेरच्या बाजूला यायला सांगा. दिसायला वाईट दिसते, पण ती कुडत्याखाली झाकते. आत ठेवली तर पोटाला रोज टोचते.

अजून एक युक्ती लहान मुलांच्या शाळेच्या पँटीत आहे. त्यांच्या कंबरेत काजं असलेली इलॅस्टिकची पट्टी असते, आतल्या बटणाला हवी तेवढी ओढून अडकवायची. ती सुट्टी मिळते. मागच्या नेफ्यात घालून घेतली तर महिन्याला एक काज सैल करत जाता येतं. मामांनी ही आपणहून सुचवली.

वरचे कपडे

छातीचं माप पोटाच्या आधी बदलतं, आणि बरगड्याही रुंदावतात. जुनी ब्रा आवळून घालून सायकल चालवली की धाप लागल्यासारखं होतं आणि आपण उगीच घाबरतो. रुंद पट्ट्यांची, तारेशिवायची, पुढून हूक असलेली स्पोर्ट्स ब्रा घ्या. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नाही, सगळ्यात आतल्या हुकावर बसेल अशी घ्या, म्हणजे सैल करायला जागा उरते. हीही मायाच.

त्यावर सुती, अर्ध्या बाह्यांचा, मांडीपर्यंत येणारा कुडता. दोन्ही बाजूंचे कट कंबरेपर्यंत वर घ्यायचे, नाहीतर पायडल मारताना घेर ताणला जातो. मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं लांब ठेवा. पण फार लांब नको, उतरताना ती सीटच्या टोकाला अडकते आणि आपण एका पायावर नाचत राहतो. नवऱ्याचा जुना सुती शर्ट हे सगळं फुकटात करतो.

पोटाला आधार देणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. ओटीपोटात ओढल्यासारखं होत असेल तर डॉक्टरांना विचारून लावा. तो पोटाच्या खालून उचलून धरतो, वरून आवळत नाही. घट्ट बांधला म्हणून आधार जास्त मिळतो असं नाही.

ओढणी घरी ठेवा

हे मी जरा चढ्या आवाजात सांगते. पाचव्या महिन्यात वडगावच्या रस्त्याला माझी ओढणी मागच्या चाकात गेली. गती कमी होती, गळ्याला एक हिसका बसला आणि पाय खाली टेकले म्हणून निभावलं. ओढणीला दोन फूट काळं ग्रीस आणि तीन भोकं. मध्ये पिन लावली होती, खोवली होती, सगळं केलं होतं. तरीही सुटली. सायकलवर गळ्यात काही लोंबतं ठेवायचं नाही, मग कुणी काहीही म्हणो. छाती झाकायची असेल तर कुडत्यावर बिनबाह्यांचं जाकीट शिवून घ्या.

सलवारीचंही तसंच. घेरदार पाय साखळीत जातो. लेगिंग किंवा चुडीदार, नाहीतर उजव्या घोट्याला रुंद रबरी पट्टी. फार घट्ट नको, संध्याकाळी पाय सुजतात तेव्हा ती रुतते. सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या वेळच्या काष्ट्यात ही भानगडच नव्हती: मध्ये मोकळं, खाली आवळलेलं, लोंबतं काही नाही. विचार केला तर त्यांनी एका वाक्यात सायकलच्या कपड्याचा नमुनाच सांगितला होता. पोटावरची निऱ्यांची गाठ तेवढी काढायची.

चपला नकोत. मागून बंद बूट, सुजेसाठी अर्धा नंबर मोठे, तळवा न घसरणारा. नाडी बांधायला वाकता येईनासं झालं की चिकटपट्टीचे.

आपली हवा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात पाऊस, आणि खानापूर, कणकुंबीकडे तर विचारूच नका. ओले रस्ते आणि बदललेला तोल एकत्र आले की मी सायकल घरी ठेवायची, आणि तुम्हीही ठेवा असंच म्हणेन. कर्नाटकात बायकांना सरकारी बस २०२३ पासून फुकट आहे, त्याचा उपयोग करा. भुरभुर असेल आणि जायचंच असेल तर पुढून चेनचा, पुरुषांच्या मोठ्या मापाचा रेनकोट, कंबरेपर्यंतच. मोठा झग्यासारखा रेनकोट वाऱ्याने फुगतो आणि चाकात जातो. आतून घामाने भिजायला होतं, म्हणून काखेखाली जाळी असलेला बघा. पोचल्यावर ओली शॉर्ट लगेच बदलायची. पिशवीत एक कोरडी निकर आणि लेगिंग कायम असू द्या.

थंडीत सकाळी धुकं असतं, आणि तोच उसाचा हंगाम. निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको: अंधारात ट्रॉली उभी असते आणि मागे दिवा नसतो. आपण तरी दिसलो पाहिजे. कुडत्याच्या पाठीवर आणि बुटांच्या टाचांवर रेडियमची पट्टी शिवून घ्या. खालीवर हलणारी टाच गाडीवाल्याला लांबून ओळखू येते. स्वेटर पुढून उघडणारा हवा, कारण दहा मिनिटांत अंग तापतं. गरोदरपणी अंगात रक्त वाढलेलं असतं, नेहमीपेक्षा लवकर उकडतं, आणि डोक्यावरून स्वेटर ओढून काढताना तोल जातो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी. अंग तापू देणं चांगलं नाही, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. फिक्या रंगाचं सुती कापड आणि पाण्याची बाटली, याउपर कपड्याने फार काही होत नाही.

धुणं

पॅड गरम पाण्यात घालू नका, मऊपणाचं सुगंधी द्रावण तर अजिबात नको, त्याने पॅड घाम शोषत नाही. साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा, उलटी करून वाळत घाला. पावसाळ्यात पॅड वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन शॉर्ट पुरत नाहीत, तीन लागतात. जांघेला खोबरेल लावत असाल तर अगदी थोडं, तेलाने इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं.

सातवा लागल्यावर

साडेसहा महिन्यांना गुडघा पोटाला लागायला लागला. गुडघे बाहेर काढून चालवलं तर कंबर आणि जांघ धरते, ते करू नका. मी त्या दिवशी रस्त्यावरची सायकल थांबवली आणि मैत्रिणीकडच्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसले. तिच्यावर पडायची भीती नाही, पण वाराही नाही, घाम दुप्पट येतो. तिथे कुडता नको, सैल सुती बंडी आणि तीच रिबची शॉर्ट पुरते. पंखा समोर हवा, आणि चढताना-उतरताना कुणीतरी जवळ.

रिबची शॉर्ट बाळंतपणानंतर टाकून देऊ नका. पोट एका दिवसात उतरत नाही, कित्येक आठवडे ते पाचव्या-सहाव्या महिन्यासारखंच दिसतं. सिझेरियन असेल तर टाक्यांवर घट्ट कंबर सहन होत नाही आणि हीच शॉर्ट घरात वापरता येते. सायकलवर परत कधी बसायचं ते तपासणीनंतर डॉक्टर सांगतील.

माझी शॉर्ट सध्या निपाणीला धाकट्या बहिणीकडे आहे. तिने मामांच्या शिवणीला नावं ठेवली, मागच्या बाजूला फोन आणि रक्तगटाची चिठ्ठी मावेल एवढा चेनचा खिसा लावून घेतला, आणि काजाच्या पट्टीचं बटण एक घर आत घेतलं. तिला चौथा लागलाय.